नागोठणे ते धरमतर, सावकाश

पेण, रविवार, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय दिपिका,

अक्षर ओळखशील असं धरून चालते. नसेल ओळखलंस तर सांगते, मी उर्वी. पेणच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला तुझ्या शेजारच्या टेबलावर असायची ती. जिला तू खारदेवळीला नेऊन तुझ्या बाबांच्या होडीत बसवलंस आणि वल्हं धरायला शिकवलंस ती.

हे पत्र नमिताच्या हाती देते आहे. ती आमच्या शाळेत कारकून आहे, रोज रोह्याहून मेमू गाडीनं येते. परवा डबा खाता खाता कळलं की ती तुमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. तुझा नंबरही होता तिच्याकडे. मी घेतला नाही. आवाज ओळखून तू फोन ठेवला असतास तर दुसऱ्यांदा करायचा धीर मला झाला नसता. पत्र निदान तुझ्या टेबलावर पडून तरी राहील.

कामाचं लिहिते. मी एक कनू घेतली आहे, वल्ह्यांची निमुळती होडी. कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांकडची जुनी, फायबरची, हिरवी, दोघांना पुरेल एवढी. बुडाला एक ठिगळ आहे पण पाणी येत नाही. आमच्या घरामागे भिंतीला टेकवून ठेवली आहे. माझा नवरा शौनक म्हणतो की अडतिसाव्या वर्षी लोक सोफा घेतात.

तुला आठवतं का बघ. एस.वाय.ला असताना तू माझ्या जर्नलच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतंस: "नागोठणे ते धरमतर. तीन दिवस. घाई नाय." पावसाळा संपला, चिखल जरा धरला की अंबा नदीतून ओहोटीबरोबर खाली जायचं. भरती लागली की काठाला लागायचं, भात शिजवायचा, झोप काढायची. परत ओहोटी लागली की निघायचं. मी म्हटलं होतं की जोर लावला तर एका दिवसात पोचू. तू म्हणालीस, "पोचायचंय कोणाला गो?"

ते आता करू या का? मी पंचांग काढून बसले आहे. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण टाळायचं. अष्टमीच्या आसपास पाणी मवाळ असतं. दिवाळीच्या सुट्टीत २९, ३०, ३१ ऑक्टोबर नेमके तसे येतात. पहिल्या दिवशी नागोठण्याच्या बंदरावरून निघून कासूच्या अलीकडे थांबू. दुसरा मुक्काम खारदेवळीला करायचा की पुढे जायचं, ते तू ठरव. तिसऱ्या दिवशी धरमतरचा पूल. तंबू आहे, स्टोव्ह आहे. तुला फक्त रजा टाकायची आहे. नमिता सांगत होती, तू धाटावला कंपनीच्या लॅबमध्ये असतेस आणि शिफ्ट असतात.

मधल्या काळात भेटणं झालं नाही. तसं होतंच. पण ही सहल राहून गेल्याचं मला फार लागतं.

तुझे बाबा बरे आहेत ना? जनूकाकांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
उर्वी

•

पेण, मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिपिका,

तुझी चिठ्ठी मिळाली. माझ्याच पत्राच्या मागच्या बाजूला पाच ओळी. म्हणजे माझं पत्र तू ठेवूनही घेतलं नाहीस. ठीक आहे.

"कनू घेतलीस ते बरं केलंस. खारदेवळीला मी येणार नाही. बाबांनी अठरा वर्षांत त्या गावात पाय टाकलेला नाही. आणि 'भेटणं झालं नाही' असं काय लिहितेस? तू आली नाहीस."

खरं आहे. मी आले नाही. तुम्ही बिऱ्हाड टेम्पोत घालून रोह्याला गेलात तेव्हा मी पेणमध्येच होते, घरी होते, काही आजारीबिजारी नव्हते. तुला वाटलं असेल की गावानं ज्याच्यावर ठपका ठेवला त्याच्या दारात आम्ही पेणची माणसं कशाला येऊ. तसं वाटलं असेल तर मी तुला दोष देत नाही. गावची ती बैठक माझ्या अप्पांनीच घेतली होती. खारजमिनीतल्या शेतकऱ्यांच्या कमिटीचे ते अध्यक्ष. त्यांच्या तोंडून निकाल लागल्यावर मला तुझ्यासमोर यायची लाज वाटली. त्यामुळे आले नाही.

(वरचं वाक्य परत वाचलं. खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. असू दे सध्या.)

तुला एक सांगायचं आहे. सप्टेंबरमध्ये नववीच्या मुलांना घेऊन मी क्षेत्रभेटीला खारदेवळीच्या बांधावर गेले होते. दरवर्षी मी वर्गात उघाडी शिकवते. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध, आणि त्या बांधातलं दार म्हणजे उघाडी. ओहोटीला दार उघडून शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत सोडायचं, भरतीच्या आत झडप खाली करून बंद करायचं. फळ्यावर आकृती काढते. प्रत्यक्ष दाखवायला मात्र मी मुलांना नेहमी दुसऱ्या गावी न्यायची. यंदा तिथला रस्ता खचला होता, म्हणून मुख्याध्यापकांनी परस्पर खारदेवळी ठरवली.

उघाडी आता सिमेंटची झाली आहे, वर लोखंडी चाक आहे. गावातला प्रविण माहिती द्यायला आला होता. तिशीच्या आतला असेल. त्यानं मुलांना सांगितलं, "पूर्वी इथं लाकडी झडप व्हती. कोजागिरीला इथला राखणदार पिऊन झोपला, झडप तशीच राह्यली. मोठं उधाण व्हतं. सकाळी बघतात तर साठ एकर भात खाऱ्या पाण्यात. तीन वरसं तिथं दाणा झाला नाय." मुलांनी विचारलं, मग त्या माणसाचं काय झालं? प्रविण म्हणाला, "गेला गाव सोडून. काय तोंड दाखवणार?"

मी तिथंच उभी होते, दिपिका. हातात हजेरीपट होता. मी म्हटलं, "चला मुलांनो, उशीर होतोय."

नंतर अहवाल तपासायला आले. एका मुलीनं लिहिलं होतं, "राखणदाराच्या बेजबाबदारपणामुळे अनेक कुटुंबांचे नुकसान झाले. यातून आपण कर्तव्यदक्षता शिकतो." बाकीच्या अहवालांवर मारतात तशी मी त्याच्यावरही लाल पेननं बरोबरची खूण केली. खाली "छान" असं लिहिलं.

त्या संध्याकाळी कोलाडला फोन करून मी कनू ठरवली.

काल कोजागिरी झाली. आमच्याकडे दूध आटवलं नाही, बरीच वर्षं आटवत नाही. नमिता म्हणत होती की जनूकाका घराबाहेर पडताना कडी तीन-तीनदा ओढून बघतात, जिन्यातून परत वर येऊन बघतात. इमारतीतली पोरं हसतात म्हणे. पूर्वी ते असं करायचे का गं? मला आठवत नाही.

सहलीचं म्हणशील तर मी नकाशा पुन्हा पाहिला. मुक्काम दुसरीकडे करता येईल. पण नदी खारदेवळीच्या उघाडीसमोरूनच जाते. तो वळसा चुकवता येत नाही.

उर्वी

•

पेण, शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

दिपिका,

तुझं उत्तर नाही. मागितलंही नव्हतं मी. आजपासून शाळेला सुट्टी लागली. हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं, प्रत्येक वेळी आधी कारणं लिहिली म्हणून. आता सरळ लिहिते.

झडप मी उचलली होती.

कोजागिरीच्या दिवशी, २००७ साली. तू आणि तुझी आई इंदुमावशी देवळाच्या प्रसादाला भांडी घासत होतात. तू मला सकाळीच म्हणाली होतीस, "होडी ने, पण आज उधाण हाय, झडपेला हात लावू नको." माझं लग्न ठरून आठ दिवस झाले होते. शौनक पनवेलहून मला न विचारताच कासूला उतरला. घरी माहीत नव्हतं. लग्नाआधी दोघांनी असं भेटणं अप्पांना चाललं नसतं. मी त्याला होडीत घेतलं. मला त्याला दाखवायचं होतं की मला होडी हाकता येते. बस, एवढंच होतं.

आतल्या पाटातून आम्ही उघाडीपाशी आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. झडप खाली होती. मला खाडीत जायचं होतं. मी दोरीच्या गाठी सोडल्या, दोघांनी मिळून झडप वर ओढली, खाली वल्ह्याचा एक मोडका दांडा आडवा अडकवला आणि वाकून बाहेर निघालो. ओहोटी होती, पाणी खाली होतं. येताना लावू, असं मी म्हटलं. मग सूर्य खाली गेला, शौनकला गाडी गाठायची होती, तो म्हणाला इथंच काठाला सोड, बांधावरून चालत स्टेशन जवळ पडेल. मी होडी बांधावरच्या खुंटीला बांधली आणि त्याच्याबरोबर कासूला गेले. तिथून रिक्षानं पेणला घरी. झडप मी विसरले. त्यात खोटं नाही, खरंच विसरले. आमच्या गच्चीवर सगळे दूध प्यायला बसले होते तेव्हाही मला आठवली नाही.

विसरणं एक वेळ सांगता येईल. पुढचं सांगता येत नाही, तरी सांगते.

बैठकीच्या आदल्या दिवशी तू पेणला आमच्या घरी आलीस. म्हणालीस, "उर्वे, तू ये गो. तू सांगितलंस तर अप्पा ऐकतील. बाबांनी झडप लावली व्हती, आईनं बघितलंय त्यांना लावून येताना." मी हो म्हटलं. देवळात येऊन बसले. अप्पांनी विचारलं, "जनू, झडप लावली होतीस?" काका म्हणाले, "चार वाजता लावली. या हातानं लावली." मागून कोणीतरी म्हणालं, "हातानं की बाटलीनं?" आणि लोक हसले. काकांनी कोजागिरीची घोटभर घेतली होती हे सगळ्यांना माहीत होतं. आणि घेतली होती ती गावाबरोबर, सहा वाजल्यानंतर.

मग अप्पा माझ्याकडे वळले. "उर्वी, तू त्या दिवशी होडी घेऊन गेली होतीस. झडप खाली होती का?"

मी म्हणाले, "मी दुपारीच होडी बांधून घरी आले. त्या बाजूला गेलेच नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. होडी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाच्या बाहेर, खाडीच्या बाजूला बांधलेली सापडली होती, ते त्यांच्या मनात आलं असणार असं मला तेव्हा वाटलं, आणि मी खाली बघितलं. मग ते म्हणाले, "पोरगी कशाला खोटं बोलंल. माझ्याच हातून राह्यली असंल."

ते वाक्य मी अठरा वर्षं ऐकते आहे.

का बोलले नाही, तर लग्न मोडेल म्हणून. ते तरी खरं का? शौनकच्या घरचे दोन दिवस कुरकुरले असते, अप्पा महिनाभर बोलले नसते. एवढंच झालं असतं. या एवढ्यासाठी मी तुझ्या बाबांना गावाबाहेर जाऊ दिलं. लग्नानंतर सांगू म्हटलं. मग पोरगी झाल्यावर. मग अप्पा गेल्यावर. अप्पा गेले तेव्हा चार वर्षांपूर्वी काका रोह्याहून आमच्याकडे आले होते, तुला त्यांनी सांगितलं असेल. कपाळाला हात लावून अप्पांच्या फोटोसमोर उभे राहिले. मी आतल्या खोलीत होते. शौनकला म्हटलं, सांग मी झोपले आहे. त्यांचा चहा होईपर्यंत मी दाराआड उभी होते.

शौनकला मी हे या महिन्यात सांगितलं. झडपेचं काय झालं ते त्याला माहीतच नव्हतं, तो तिथून परस्पर पनवेलला गेला होता. त्याला फक्त होडी आठवत होती. चांगली आठवण म्हणून.

आता सहलीचं. तेही खरं सांगते. तीन दिवस तुझ्याबरोबर काढायचे होते हे खोटं नव्हे. पण मी ठरवलं होतं की दुसऱ्या दिवशी उघाडीसमोर आल्यावर हे सांगायचं. मधल्या पाण्यात. कारण होडीतून उठून जाता येत नाही. तू ऐकून घेतलं असतंस आणि पुढे दीड दिवस माझ्याबरोबर वल्हं मारावं लागलं असतं. मी पंचांग काढून, मुक्काम आखून, हे सगळं तुझ्यासाठी आखलं होतं. सहल रद्द समज.

हे पत्र काकांना वाचून दाखव किंवा नको दाखवू. त्यावर माझा काही हक्क नाही.

उर्वी

•

रोहा, रविवार, २६ ऑक्टोबर

उर्वी,

दिवाळी होईपर्यंत थांबले. पत्र मी भाऊबिजेनंतर बाबांना वाचून दाखवलं. आधी नको वाटत होतं. ते चौऱ्याहत्तरचे आहेत, त्यांना आता काय करायचंय असं वाटलं. मग मला वाटलं मी पण तुझ्यासारखंच करतेय.

त्यांनी ऐकून घेतलं. मला म्हणाले, "परत वाच. झडप खाली व्हती, तिथून वाच." मी वाचलं. परत म्हणाले वाच. तीनदा वाचलं. मग म्हणाले, "म्हंजे मी लावली व्हती?" मी म्हटलं व्हय बाबा. ते परत म्हणाले, "मी लावली व्हती." आणि उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

तुला कळलं का? आम्हाला वाटायचं बाबा गावासमोर कबूल झाले, पण मनात त्यांना माहीत असणार की त्यांनी लावली. तसं नव्हतं. तू खोटं बोलणार नाहीस म्हणून त्यांनी स्वतःला खोटं धरलं. आई म्हणायची मी बघितलं तुम्हाला, तर तिच्यावर ओरडायचे, तू माझी बाजू घेतेस म्हणून. तेव्हापासून त्यांनी घोट घेतला नाही. कंपनीच्या गेटवर वॉचमन होते पंधरा वर्षं, तिथे शिफ्ट संपली तरी कुलूप बघायला परत जायचे. आई गेली त्यांना समजावत. तिला हे ऐकायला मिळालं नाही.

मला तुझा किती राग आहे ते लिहीत नाही. कागद पुरणार नाही.

बाबांना गावात जायचं आहे. त्यांनी शर्ट इस्त्रीला दिलाय. तू तिथं येऊन सगळ्यांसमोर सांग. पत्रात नाही. त्याच देवळात. दोन तारखेला रविवारी सकाळी. मी येणार नाही, मला तुझं तोंड बघायचं नाही. बाबा एकटे येतील, दहाची गाडी.

दिपिका

•

पेण, सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

दिपिका,

काकांनी तुला सांगितलं असेल. तरी माझ्या बाजूनं लिहिते, कारण ते स्वतःचं फार कमी सांगतात.

मी कासू स्टेशनवर उभी होते. शौनकही आला, मी नको म्हटलं तरी. काका उतरले, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. त्यांनी मला ओळखलं. मी रिक्षा सांगितली होती. ते म्हणाले, "चालतो मी," आणि निघाले. आम्ही दोघं मागून. भातं बऱ्याच ठिकाणी कापून झाली होती. ते एकेक खाचर बघत चालले होते.

बांधावर आल्यावर ते थांबले आणि मला म्हणाले, "झडप पुरती खाली व्हती? का अर्धी?"

"पुरती खाली होती काका."

"दोरीला गाठ व्हती?"

"दोन गाठी होत्या. सोडायला मला वेळ लागला."

"दोनच मारायचो मी," ते म्हणाले. मग थोडं चालून, "एक मारली तर पाण्यानं सुटते."

प्रविणनं देवळात माणसं बोलावली होती. पंधरा-वीस असतील. निम्म्यांना ती गोष्ट फक्त ऐकून माहीत. मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलं नाही, आणि ते बरं झालं, रडले असते तर कोणीतरी पाणी आणून दिलं असतं. मी उभी राहून तुला लिहिलं तसंच सांगितलं. दिवस, वेळ, दांडा, दोन गाठी, आणि याच जागी बसून अप्पांना काय उत्तर दिलं ते. शौनक एवढंच म्हणाला, "मी बरोबर होतो. दोरी ओढायला मीही होतो."

कोणी ओरडलं नाही. मला ते सोपं गेलं असतं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "दामोदरशेठना ठाऊक व्हतं?" म्हणजे अप्पांना. मी म्हटलं नाही. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. मी आता काही शपथ घेऊन सांगू शकत नाही, कारण माझ्या शब्दाला तिथं काय किंमत आहे? प्रविणचं तोंड उतरलं होतं. तो काकांना म्हणाला, "मी तर शाळेच्या पोरांना पण सांगत व्हतो." काका म्हणाले, "तुला जे सांगितलं ते तू सांगितलंस."

धोंडुबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांचं शेत उघाडीला लागूनच, सगळ्यात आधी तेच बुडालं होतं. त्या उठल्या. मला वाटलं माझ्याकडे येताहेत. त्या काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इंदु माझ्याकडं आली व्हती तेव्हा. म्हणाली, माझ्या नवऱ्यानं लावली, मी बघितलंय. मी तिला दारातनं हाकलली. कधी बोलले नाय परत. ती गेली ते पण मला महिन्यानं कळलं," असं म्हणून त्या तिथंच खाली बसल्या आणि रडल्या. काकांना काय करावं सुचेना. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.

मी पुढे होऊन काकांच्या पाया पडायला गेले. त्यांनी पाय मागे घेतले.

"नको," म्हणाले. "मला अजून तुझा राग आला नाय. अठरा वरसं माझा मलाच केला, आता एकदम तुझ्यासाठी कुठून आणू? येईल तेव्हा येईल."

धोंडुबाईंनी डोळे पुसले आणि काकांना म्हणाल्या, "चल घरी, चाय टाकते." मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, "तू जा आता."

आम्ही गेलो. मागे वळून पाहायची इच्छा झाली, पाहिलं नाही. तेवढी कळ काढली.

दुसरं एक. नववीच्या त्या मुलांना शाळा उघडली की पहिल्या तासाला मी हे सांगणार आहे. मुख्याध्यापकांना आज कळवलं. ते म्हणाले, "मॅडम, याची गरज आहे का? पालक बोलतील." मी म्हटलं, बोलू देत. मोठं धैर्य दाखवलं असं वाटून क्षणभर मला बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. एका मुलीच्या अहवालावरचं "छान" मला खोडायचं आहे. तिची त्यात काहीच चूक नाही, हेही तिला नीट सांगायचं आहे.

उर्वी

•

पेण, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

दिपिका,

नमितानं तुझा निरोप तोंडी दिला. "बाबांना नदीतनं गावात जायचंय. मी त्यांना घेऊन जाते. कनू दे. तू नको." तिला ते बोलताना अवघड होत होतं, म्हणून मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं नाही.

कनू तुमची आहे. दिवस मी काढले आहेत, पटतात का बघ. येत्या बुधवारपासून, १२, १३, १४. वद्य अष्टमीचं पाणी आहे, ओढ कमी. नागोठण्याला बुधवारी सकाळी साडेसाताच्या सुमारास ओहोटी लागेल, दुपारी एकपर्यंत पाणी तुम्हाला नेईल. पुढे रोज पाऊण तास उशीर धर. माझा हिशोब पंचांगावरून आहे. काकांना पाण्याकडे बघून वेगळं वाटलं तर त्यांचं खरं.

शिवा टेम्पोवाला मंगळवारी संध्याकाळी कनू नागोठण्याच्या बंदरावर आणून ठेवील. तुम्ही दोघं बुधवारी पहिल्या गाडीनं रोह्याहून या. मी तिथं नसेन.

तंबू, स्टोव्ह, दोन जाकिटं, पाण्याचे दोन कॅन कनूतच बांधले आहेत. खाडीचं पाणी खारं, तोंड धुवायलाही उपयोगाचं नाही, म्हणून कॅन भरूनच निघा. तांदूळ, सुका जवळा, कांदे आहेत. काकांना जाकीट घालायला लाव. ते म्हणतील मला पोहता येतं. तरी घाल म्हणावं. दुपारचं ऊन अजून चटका देतं, त्यांच्या डोक्याला टॉवेल असू दे.

पहिल्या दिवशी फार लांब जाऊ नका. पूल गेला की डाव्या अंगाला एक आंब्याचं झाड काठावर वाकलेलं आहे, तिथं जमीन टणक आहे. त्यापुढे दोन्ही बाजूंना कमरेएवढा चिखल, उतरायला जागा नाही. दुसरा मुक्काम खारदेवळी. धोंडुबाईंनी प्रविणकडून निरोप पाठवला आहे की तंबू ठोकायचा नाही, घरी झोपायचं. तिसरा दिवस निवांत आहे. धरमतरला पोचायची घाई नको, पण पुलाच्या खांबांपाशी पाणी वळतं, तिथं काठ धरून जा.

धरमतरच्या पुलावर शुक्रवारी दुपारी उभं राहावं, तुम्हाला येताना पाहावं, असं माझ्या मनात आलं होतं. नाही येणार. तिथं उभी राहिले तर मी हात करीन, आणि मग तुला करावा लागेल, किंवा न करण्याचा त्रास घ्यावा लागेल. तो तुझ्यावर कशाला घालू?

ठिगळ पुढच्या बाकाखाली आहे. परवा पुन्हा लावून घेतलं, आत पाणी भरून दिवसभर ठेवून पाहिलं, थेंब गळला नाही. वल्ही दोन आहेत, लांब आहे ते मागच्या माणसाचं. तू पुढे बस. मागचं काकांना दे.

संध्याकाळी काठाला लागलात की कनू वर ओढून उलटी करून ठेवा. सध्या पहाटे दव फार पडतं.

उर्वी